बुरशीने दिलेले आयुष्य

१० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. त्यांचे पुत्र यशवंतराव डॉक्टर होते. पुण्याजवळ हडपसरच्या माळावर त्यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. सावित्रीबाई तिथे रोग्यांना घेऊन येत आणि त्यांची शुश्रूषा करत. त्या सेवेतच त्यांना लागण झाली. हा प्रसंग मराठी माणसाला ठाऊक आहे, पण त्यातली एक बाजू फारशी बोलली जात नाही. प्लेग कशाने होतो हे तोवर कळून चुकले होते. १८९४ मध्ये हाँगकाँगच्या साथीत अलेक्सांद्र येर्सिन यांनी त्याचा जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. मुंबईत हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये लसही तयार केली होती. मात्र लस निरोगी माणसासाठी असते. एकदा ताप चढला, जांघेत किंवा काखेत गाठ आली, की पोटच्या मुलासारखा जवळचा डॉक्टरही पाणी पाजण्यापलीकडे फारसे काही करू शकत नव्हता. मारेकरी कोण हे ठाऊक होते, त्याला मारायचे कसे हे ठाऊक नव्हते. आज तोच प्लेग वेळेवर ओळखला, तर स्ट्रेप्टोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकांनी बहुतेक रोगी बरे होतात.

प्रतिजैविकांपूर्वीचे जग किती ठिसूळ होते, याची कल्पना आता करणे अवघड आहे. मुदतीचा ताप आला की घरचे लोक दिवस मोजत बसत. बाळंतरोगाने धडधाकट बायका आठवड्याभरात जात. श्रीमंती आणि सत्ता यांचाही उपयोग नव्हता. १९२४ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष कॅल्विन कूलिज यांच्या सोळा वर्षांच्या मुलाला टेनिस खेळताना पायाच्या बोटाला फोड आला. फोड पिकला, विष रक्तात भिनले आणि काही दिवसांत मुलगा गेला. जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान माणसाच्या घरी, देशातले नामांकित डॉक्टर उशाशी असताना हे घडले.

प्रतिजैविके येण्याआधी प्रयत्न झाले नव्हते असे नाही. जर्मनीत पॉल एर्लिख आणि त्यांचे जपानी सहकारी साहाचिरो हाता यांनी शेकडो रासायनिक संयुगे तपासून उपदंशावर साल्व्हर्सान शोधले. १९३५ मध्ये गेरहार्ड डोमाक यांनी प्रॉन्टोसिल हे सल्फा औषध जगापुढे आणले. ही औषधे माणसाने प्रयोगशाळेत घडवलेली होती. जिवाणूंविरुद्धची खरी शस्त्रे मात्र बुरशीने आणि मातीतल्या सूक्ष्मजीवांनी कोट्यवधी वर्षांपूर्वीच तयार करून ठेवली होती.

लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग सप्टेंबर १९२८ मध्ये सुट्टीवरून परतले आणि टेबलावर राहिलेल्या काचेच्या बश्या चाळू लागले. त्यांत स्टॅफिलोकॉकस हे पू निर्माण करणारे जिवाणू वाढवलेले होते. एका बशीत कडेला बुरशी आली होती आणि तिच्याभोवतीचे जिवाणू विरघळून गेले होते. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकातही असते. पण ती सांगितली जाते त्याहून कितीतरी अधिक नवलाची आहे. पेनिसिलिन पूर्ण वाढलेल्या जिवाणूंना सहसा विरघळवत नाही, ते वाढत असलेल्या जिवाणूंवर चालते. म्हणजे त्या बशीत आधी बुरशी वाढायला हवी होती आणि जिवाणू मागाहून. इतर कुणी तशी बशी मुद्दाम करायला गेले की जमत नसे. फ्लेमिंग यांचे एके काळचे सहकारी रोनाल्ड हेअर यांनी पुढे लंडनच्या हवामानाच्या जुन्या नोंदी काढल्या. त्यांत दिसले की फ्लेमिंग सुट्टीवर असताना शहरात आधी काही दिवस गारवा होता आणि नंतर उष्मा वाढला. गारव्यात बुरशीने बस्तान बसवले, उष्म्यात जिवाणू वाढले, आणि दोघांची गाठ पडली. बुरशीचा तो कणही बहुधा खालच्या मजल्यावरच्या, बुरशींचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेतून हवेबरोबर वर आला असावा. इतके योगायोग जुळूनही, बशी धुवायला न टाकता निरखून पाहणारा माणूस तिथे होता म्हणूनच पुढचे सारे घडले.

मात्र १९२८ मध्ये औषध सापडले असे म्हणणे मला पटत नाही. सापडली ती एक घटना. फ्लेमिंग यांनी १९२९ मध्ये निबंध छापला. त्याच्या शीर्षकात भर होता तो प्रयोगशाळेतील एक विशिष्ट जिवाणू वेगळा काढण्यासाठी पेनिसिलिनच्या होणाऱ्या उपयोगावर. बुरशीचा रस निरोगी प्राण्यांना टोचून तो विषारी नाही हे त्यांनी पाहिले, पण आजारी उंदराला देऊन पाहिला नाही. तो शुद्ध करता येईना, टिकेना. शेफिल्डमध्ये सेसिल पेन या तरुण डॉक्टरने १९३० मध्ये हाच कच्चा रस डोळ्यांत जंतुसंसर्ग झालेल्या नवजात बाळांना वापरला आणि गुणही आला, पण त्याने त्याबद्दल काहीच छापले नाही. एवढे मोठे औषध दहा वर्षे जवळजवळ अडगळीत पडून राहिले. त्या दहा वर्षांत जगभर किती माणसे साध्या जखमांनी आणि न्यूमोनियाने गेली असतील, हा विचार मन अस्वस्थ करतो.

बुरशीचे औषध झाले ते ऑक्सफर्डमध्ये. तिथल्या पॅथॉलॉजीच्या संस्थेचे प्रमुख हॉवर्ड फ्लोरी मूळचे ऑस्ट्रेलियाचे. अर्न्स्ट चेन हे ज्यू रसायनशास्त्रज्ञ हिटलरच्या जर्मनीतून इंग्लंडमध्ये आलेले. आणि तिसरे नॉर्मन हीटली, ज्यांचे नाव क्वचितच घेतले जाते आणि ज्यांच्या हातांशिवाय यातले काहीही झाले नसते. पेनिसिलिन फार नाजूक. उष्णतेने नासते, आम्लात नासते, अल्कलीतही नासते. हीटली यांनी युक्ती काढली: बुरशीचा गाळलेला रस थंड ठेवून किंचित आंबट करायचा, लगेच सेंद्रिय द्रावकात घुसळायचा म्हणजे पेनिसिलिन द्रावकात उतरते, आणि मग तेथून ते पुन्हा उदासीन पाण्यात परत आणायचे. द्रावकातून पाण्यात परत नेण्याची ही कल्पना ऐकायला साधी वाटते, पण तोवर हुशार रसायनशास्त्रज्ञ तिथेच अडकले होते.

२५ मे १९४० रोजी आठ उंदरांना जीवघेणे स्ट्रेप्टोकॉकस टोचले गेले. चौघांना पेनिसिलिन दिले, चौघांना नाही. हीटली पहाटे पावणेचारपर्यंत तिथे बसून होते. तोवर औषध न मिळालेले चारही उंदीर मेले होते आणि औषध मिळालेले चारही जिवंत होते. याच दिवसांत फ्रान्सच्या किनाऱ्यावर, डंकर्कला ब्रिटिश फौजा समुद्रमार्गे माघार घेण्याच्या तयारीत होत्या. जर्मन इंग्लंडमध्ये उतरलेच तर बुरशी वाचावी म्हणून या मंडळींनी आपल्या कोटांच्या अस्तरात बुरशीचे बीजाणू चोळून ठेवले होते. आणखी एक योगायोग इथे नोंदवायला हवा. पहिला प्रयोग उंदरांऐवजी गिनीपिगवर झाला असता, तर कदाचित औषध तिथेच संपले असते, कारण गिनीपिगला पेनिसिलिन घातक ठरते.

युद्धाच्या टंचाईत उपकरणे मिळत नव्हती. बुरशी पृष्ठभागावर वाढते, म्हणून तिला पसरट उथळ भांडी लागत. रुग्णालयातली शौचाची भांडी त्यासाठी वापरली गेली. पुढे हीटली यांनी मातीची खास भांडी आखून घडवून घेतली. द्रव गाळण्या-घुसळण्याची यंत्रणा दुधाच्या बरण्या, नळ्या, न्हाणीचा टब आणि ग्रंथालयाने टाकून दिलेली लाकडी मांडणी जोडून उभी केली होती. भांड्यांत बुरशी पेरायला आणि रस काढायला सहा तरुणी कामावर ठेवल्या. रोग्यांना टोचलेले पहिले पेनिसिलिन या मुलींच्या हातून निघाले.

१२ फेब्रुवारी १९४१ रोजी ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ रुग्णालयात अल्बर्ट अलेक्झांडर या ४३ वर्षांच्या पोलिसाला पेनिसिलिनचे इंजेक्शन देण्यात आले. चेहऱ्यावरच्या जखमेतून पसरलेल्या संसर्गाने त्यांचा एक डोळा काढावा लागला होता, फुप्फुसेही ग्रासली होती. चोवीस तासांत ताप उतरू लागला, माणूस जेवू लागला. औषध मात्र इतके थोडे होते की त्यांच्या लघवीतून बाहेर पडलेले पेनिसिलिन पुन्हा गाळून काढण्यासाठी ती लघवी सायकलवरून प्रयोगशाळेत नेली जाई. पाचव्या दिवशी साठा संपला. रोग उलटला आणि १५ मार्चला अलेक्झांडर वारले. औषध लागू पडते हे सिद्ध झाले, आणि अपुरे पडले की काय होते हेही. त्यानंतर पथकाने लहान मुलांवर भर दिला, कारण लहान शरीराला औषध कमी लागते.

बॉम्बवर्षाव होत असलेल्या इंग्लंडमध्ये कारखाना उभारणे शक्य नव्हते, म्हणून जुलै १९४१ मध्ये फ्लोरी आणि हीटली अमेरिकेला गेले. इलिनॉय राज्यातल्या पिओरिया गावी शेतकी खात्याची प्रयोगशाळा होती. तो मक्याचा मुलूख. मक्यापासून स्टार्च काढताना उरणारे पाणी कशासाठी वापरावे हा तिथला जुना प्रश्न. तेच बुरशीच्या खाद्यात घातले आणि उत्पादन कित्येक पटींनी वाढले. बुरशी उथळ भांड्यांऐवजी खोल टाक्यांत, हवा सोडून ढवळत वाढवता येऊ लागली. मग अधिक पेनिसिलिन देणाऱ्या जातीचा शोध जगभरच्या मातीत सुरू झाला, आणि ती मिळाली पिओरियाच्याच बाजारातल्या एका बुरसटलेल्या खरबुजावर. त्या जातीवर क्ष-किरण आणि अतिनील किरण टाकून आणखी सरस वाण निवडले गेले. कारखान्यांतून निघणारे पेनिसिलिन पुढे याच खरबुजाच्या वंशातून आले. जून १९४४ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या, तेव्हा जखमी सैनिकांसाठी पेनिसिलिनचा मोठा साठा तयार होता. तीन वर्षांपूर्वी एका माणसाला पुरेल इतकेही ते जगात नव्हते.

ऑक्सफर्डच्या मंडळींनी पेटंट घेतले नाही. चेन यांचा आग्रह होता, पण औषधावर हक्क सांगणे नीतीला धरून नाही असे तिथल्या ज्येष्ठांचे मत पडले. उत्पादनाच्या पद्धतींवर पुढे अमेरिकेत पेटंटे घेतली गेली. १९४५ चे नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना मिळाले. हीटली राहिले. १९९० मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्यांना वैद्यकातली सन्माननीय डॉक्टरेट दिली. वैद्य नसलेल्या माणसाला तिथे मिळालेली ती पहिलीच. हा न्याय फार उशिरा झाला.

पेनिसिलिन काम कसे करते? जिवाणूच्या पेशीभोवती एक भक्कम भित्तिका असते. वाढताना जिवाणू तिचे लांब धागे एकमेकांना आडवे सांधत जातो. पेनिसिलिन सांधणाऱ्या विकरालाच जाऊन चिकटते. विटा रचल्या पण सांध्यांत चुना भरला नाही, अशी ती भिंत होते. आत पाणी शिरते, दाब वाढतो आणि पेशी फुटते. माणसाच्या पेशीला अशी भित्तिकाच नसल्यामुळे औषध आपल्याला सहसा बाधत नाही. या रेणूचे हृदय म्हणजे चार अणूंचे एक ताणलेले कडे. डोरोथी हॉजकिन यांनी १९४५ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने ती रचना उलगडून दाखवली.

क्षयावर मात्र पेनिसिलिनचा उपयोग नव्हता. अमेरिकेत रटगर्स विद्यापीठात सेल्मन वाक्समन यांच्या हाताखाली अल्बर्ट शाट्झ हा तेवीस वर्षांचा विद्यार्थी मातीतले जिवाणू तपासत होता. ऑक्टोबर १९४३ मध्ये त्याला स्ट्रेप्टोमायसिन मिळाले. १९५२ चे नोबेल एकट्या वाक्समन यांना दिले गेले. शाट्झ यांना शोधातला आपला वाटा न्यायालयात जाऊन मान्य करून घ्यावा लागला होता. या औषधाची ब्रिटनमध्ये झालेली चाचणी वैद्यकाच्या इतिहासात मैलाचा दगड ठरली. औषध सर्वांना पुरणार नव्हतेच, तेव्हा कुणाला द्यायचे हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दैवावर सोपवले गेले. सहा महिन्यांनंतर औषध मिळालेल्या ५५ रोग्यांपैकी ४ दगावले होते, नुसती विश्रांती मिळालेल्या ५२ पैकी १४. आज बहुतेक नव्या औषधांची परीक्षा याच पद्धतीने होते. पण पाच वर्षांनी पुन्हा मोजदाद केली तेव्हा मृत्यूंचे आकडे होते ३२ आणि ३५. सुरुवातीचा फायदा जवळजवळ पुसला गेला होता, कारण अनेकांच्या फुप्फुसातले जिवाणू एकट्या स्ट्रेप्टोमायसिनला दाद देईनासे झाले होते. म्हणून क्षयावर एकाच वेळी अनेक औषधे देण्याची रीत पडली. १९५९ मध्ये मद्रासच्या क्षयरोग केंद्राने दाखवून दिले की औषधे नियमित घेतली तर रोगी घरी राहूनही सॅनिटोरियममधल्या रोग्याइतकाच बरा होतो. मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारख्या ठिकाणी महिनोन्‌महिने मोकळ्या हवेत पडून राहण्याचे दिवस त्यानंतर सरत गेले.

मग जगभर मातीचे नमुने गोळा होऊ लागले. व्हेनेझुएलाच्या मातीतून क्लोरॅम्फेनिकॉल आले. १९४८ मध्ये मलायात दुसऱ्याच एका तापावर त्याची चाचणी चालू असताना काही रोगी टायफॉइडचे निघाले आणि तेही काही दिवसांत बरे झाले. मुदतीच्या तापाची मुदत तिथे संपली. अमेरिकेतल्या मिसुरीच्या मातीतून ऑरिओमायसिन मिळाले, ते ज्या लेडर्ली प्रयोगशाळेत शोधले गेले तिचे संशोधन-प्रमुख होते आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. फिलिपिन्समधून एरिथ्रोमायसिन, बोर्निओतून व्हॅन्कोमायसिन, आणि सार्डिनिया बेटावर सांडपाणी समुद्राला मिळते तिथून सेफॅलोस्पोरिन. वीस वर्षांत माणसाच्या हाती जे पडले ते आधीच्या दोन हजार वर्षांत पडले नव्हते.

महाराष्ट्राचा यातला वाटा अभिमानाने सांगावा असा आहे. स्वतंत्र भारताला पेनिसिलिन बाहेरून आणावे लागे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि दुसऱ्याच वर्षी देशी पेनिसिलिन निघू लागले. पिंपरीत मोटारी आणि यंत्रे यांच्या कारखान्यांची गर्दी होण्याआधी बुरशीच्या टाक्या उभ्या राहिल्या होत्या. तिथल्या प्रयोगशाळेत डॉ. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधले. नव्या राष्ट्राने आपल्या गरिबातल्या गरिबालाही इंजेक्शन परवडावे म्हणून उभारलेली ही संस्था होती. तिचे मोल नफ्यातोट्याच्या ताळेबंदात मावणारे नाही.

प्रतिजैविकांनी फक्त जंतुरोग बरे केले असे समजणे अपुरे आहे. गुडघ्याचा सांधा बदलणे, हृदयाची झडप बसवणे, दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवणे, सिझेरियन, कर्करोगाची केमोथेरपी, सातव्या महिन्यात जन्मलेले बाळ काचपेटीत जगवणे, हे सारे संसर्ग आवरता येईल या भरवशावर चालते. केमोथेरपीने शरीराची प्रतिकारशक्ती काही काळ जवळजवळ नाहीशी होते. त्या दिवसांत रोग्याचे रक्षण प्रतिजैविकेच करतात. ती नसतील तर शल्यचिकित्सकाचे कौशल्य आहे तिथेच राहील, पण सुरी उचलण्याचे धाडस होणार नाही.

आणि हा भरवसा आता डळमळतो आहे. अलेक्झांडर यांना पेनिसिलिन मिळण्याआधीच, १९४० मध्ये, चेन आणि त्यांचे सहकारी एडवर्ड एब्रहॅम यांनी पेनिसिलिन तोडणारे विकर जिवाणूंत असल्याचे नोंदवले होते. नोबेल स्वीकारताना फ्लेमिंग यांनीही अपुऱ्या मात्रेच्या धोक्याचा इशारा दिला. कॅनडाच्या गोठलेल्या जमिनीत तीस हजार वर्षांपूर्वीच्या जिवाणूंतही औषधरोधाची जनुके सापडली आहेत. हत्यार जितके जुने तितकीच ढालही जुनी. जिवाणू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतात, आणि त्याहून गंभीर म्हणजे रोधाची जनुके ते शेजारच्या, वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही देऊ शकतात. हे जपानी शास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस आमांशाच्या साथींत दाखवले. मेथिसिलिन हे औषध १९५९ मध्ये आले, त्याला न जुमानणारे स्टॅफिलोकॉकस दोन वर्षांत ब्रिटनमध्ये सापडले. २०११ च्या अखेरीस मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया यांनी तपासलेल्या कोणत्याही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे रोगी नोंदवले आणि देश हादरला. एका मोठ्या जागतिक अभ्यासानुसार २०१९ मध्ये औषधरोधी जिवाणूंमुळे सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट दगावली.

नवी औषधे येतील असे म्हणून स्वस्थ बसता येत नाही. रक्तदाबाची गोळी रोगी आयुष्यभर घेतो, प्रतिजैविक आठवडाभर. नवे प्रतिजैविक तर मुद्दाम राखून ठेवावे लागते. अमेरिकेतल्या अकाओजेन कंपनीच्या प्लाझोमायसिनला २०१८ मध्ये परवानगी मिळाली आणि पुढच्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीत गेली. ज्या औषधाची गरज सर्वांना आहे त्याला बाजार नाही, ही व्यवस्था सरकारांनीच बदलायला हवी. आपल्याकडे काही पावले पडली आहेत. २०१४ पासून अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद औषधविक्रेत्याला ठेवावी लागते, आणि कोंबड्यांच्या खाद्यातून दिल्या जाणाऱ्या कोलिस्टिनवर २०१९ मध्ये बंदी आली. ही बंदी यायला इतकी वर्षे लागायला नको होती.

बाकीचे काम वाचकांच्या घरातले आहे. सर्दी, पडसे, फ्लू हे विषाणूंचे आजार, त्यांवर प्रतिजैविकाचा काडीचाही उपयोग नाही. डॉक्टरांकडे ‘जरा स्ट्राँग गोळी द्या’ असा हट्ट धरू नका. गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ असेल, तर ते औषध चिठ्ठीशिवाय विकत घेऊ नका आणि मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या स्वतः घेऊ नका, शेजाऱ्यालाही देऊ नका. क्षयाचे औषध चालू असेल तर बरे वाटू लागले म्हणून एक दिवसही चुकवू नका. आणि डॉक्टरांनी प्रतिजैविक लिहून दिले, तर ते कशासाठी आणि किती दिवस घ्यायचे हे तिथेच विचारून घ्या.